बोन सिमेंटमध्ये अँटिबायोटिक घातलं की त्याच्या ताकदीचं काय होतं?

बदललेल्या गुडघ्यात किंवा खुब्यात इन्फेक्शन झालं की नुसत्या इंजेक्शनवर सहसा भागत नाही, कारण बॅक्टेरिया इम्प्लांटवर चिकट थर करून बसतात आणि रक्तातून येणारं औषध त्या थरात नीट शिरतच नाही. म्हणून औषध थेट बोन सिमेंटमध्येच, म्हणजे इम्प्लांट हाडात पक्कं बसवणाऱ्या मसाल्यातच मिसळतात. नाव सिमेंट, पण आहे ते अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक, दातांची कवळी करतात त्याच जातीचं. जर्मनीत सर्जन बुखहोल्झ यांनी त्यात जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळलं, ते १९७० मध्ये प्रसिद्ध झालं.

४० ग्रॅम पावडरमध्ये द्रव ओतून घोटलं की काही मिनिटांत मळलेल्या पिठासारखा गोळा होतो आणि तो चांगलाच तापतो, त्यामुळे उष्णता सोसणारी औषधंच चालतात, उदा. जेंटामायसिन, टोब्रामायसिन, व्हॅन्कोमायसिन.

आता खरी अडचण. हे सिमेंट विरघळत नाही. पृष्ठभागाजवळचे औषधाचे कण तेवढे विरघळतात, मागे बारीक भोकं राहतात, त्या भोकांतून पाणी आत शिरतं, आणखी थोडं औषध बाहेर येतं, आणि खोलवरचं बरंचसं कायमचं अडकून पडतं. म्हणजे औषध जास्त हवं तर भोकं जास्त हवीत, आणि तडा जातो तो नेमका भोकापासूनच! हे सिमेंट दाबाला दणकट पण ताणाला कच्चं, आणि चालता माणूस एकेका पायावर वर्षाला दहा लाखांच्या आसपास पावलं टाकतो.

आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या) मानकात दाब सोसायची ताकद किमान ७० मेगापास्कल (दाबाचं एकक) लागते. ४० ग्रॅममागे जेंटामायसिन ४.५ ग्रॅमच्या वर गेलं की ती त्याखाली गेल्याचं चाचण्यांत दिसलंय, आणि औषध द्रवरूपात घातलं तर घसरण फारच मोठी. म्हणून कायमच्या सांध्यात साधारण १ ग्रॅमपर्यंतच घालतात आणि शक्यतो व्हॅक्यूममध्ये मिसळतात म्हणजे हवेचे बुडबुडे कमी राहतात. इन्फेक्शन झालेला सांधा काढून काही आठवडे सिमेंटचा जो तात्पुरता ठोकळा (स्पेसर) बसवतात त्यात मात्र ३.६ ग्रॅम किंवा जास्तही चालतं, तो पुढे काढायचाच असतो.

मला वाटतं नुसत्या ७० च्या आकड्यावर विसंबू नये, कारण तो आकडा सिमेंटच्या ज्या तुकड्यावर मोजतात तो कोरडा आणि एक दिवसाचा असतो, औषध अजून आतच असतं. तोच तुकडा काही आठवडे पाण्यात ठेवून, औषध निघून गेल्यावर, लाखो वेळा वाकवून बघितला तरच तो शरीरात कसा टिकेल याचा खरा अंदाज येतो.