येऊर

ठाणे शहराच्या पश्चिमेकडील डोंगरावरील वनक्षेत्र व त्यातील आदिवासी पाड्यांचा समूह. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मुंबई उपनगर व ठाणे या दोन जिल्ह्यांत सुमारे १०३ चौ. किमी. क्षेत्रावर पसरले असून येऊर हे त्याचे ठाण्याकडील प्रवेशद्वार होय. उपवन तलावापासून वळणावळणाचा रस्ता डोंगर चढतो आणि ठाणे परिवहन सेवेची बस थेट पाटोणापाड्यापर्यंत जाते. ‘येऊरला जाणे’ हा ठाणेकरांचा रविवारचा परिपाठ सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र ज्या डोंगरावर आपण चालतो तो मुळात ज्वालामुखीचा आहे आणि त्यावरचे जंगल किती जुने मानावे हा प्रश्न अजून खुला आहे, याची जाणीव त्या मानाने कमी आढळते.

खडक : येऊरचा डोंगर दक्षिण ट्रॅप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाव्हाच्या प्रदेशात मोडतो. या प्रदेशाने आज सुमारे ५ लाख चौ. किमी. भूभाग व्यापलेला आहे. त्याचा बहुतेक लाव्हा एखाद्या शंकूच्या मुखातून नव्हे, तर भूकवचातील लांबच लांब भेगांतून वाहत आला. म्हणूनच येऊरला ज्वालामुखीचे तोंड शोधू पाहणाऱ्यास ते सापडत नाही. पायाखालचा काळा कातळ हाच त्या उद्रेकाचा पुरावा होय. मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. मुंबई परिसराचे खडकही त्याच वयाचे असावेत, अशी समजूत दीर्घकाळ होती. परंतु येथील ट्रॅकाइट (फिकट रंगाचा एक ज्वालामुखी खडक) खडकांच्या आर्गॉन पद्धतीने, म्हणजे खडकात साठलेल्या आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून, केलेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वयमापनात ते सुमारे ६ ते ६.२ कोटी वर्षांपूर्वीचे ठरले. सह्याद्रीचा मुख्य लाव्हा थंडावल्यानंतर साष्टीच्या, म्हणजे मुंबई उपनगर व ठाणे ज्यावर वसले आहेत त्या बेटाच्या, बाजूला ज्वालामुखीची आणखी एक उत्तरकालीन अवस्था होऊन गेली, हे मत त्यामुळे आता अधिक ग्राह्य वाटते.

खरा वाद आहे तो याच डोंगररांगेतील कान्हेरीच्या खडकाविषयी. तेथील शंभरहून अधिक बौद्ध लेणी ज्या खडकात कोरली आहेत, तो कार्ले येथल्यासारखा एकजिनसी बेसाल्ट (थिजलेल्या लाव्हाचा काळा कातळ) नसून ब्रेसिया, म्हणजे टोकदार तुकडे राखेच्या गाऱ्यात घट्ट बसून झालेला खडक आहे. लेण्याच्या भिंतीजवळ उभे राहून पाहिले, तर बोटाच्या पेराएवढ्या चिपांपासून नारळाएवढ्या गोट्यांपर्यंत कोनेदार दगड एकमेकांत रुतलेले दिसतात. त्यांचे कोने झिजलेले नाहीत, यावरून ते फार दूरवरून वाहत आले नसावेत. अनेक खांबांचे पापुद्रे सुटले आहेत, ते खडकाच्या या जातीमुळेच. काही भूवैज्ञानिकांच्या मते हे तुकडे स्फोटक उद्रेकात उडून उद्रेकमुखाच्या आसपासच साचले. इतर अभ्यासक ते पाण्याने किंवा चिखलाच्या लोंढ्याने पुन्हा सरकून बसले असे मानतात. सुखेश्वाला व पोल्डरव्हार्ट या भूवैज्ञानिकांनी १९५८ मध्ये मुंबई परिसरातील बेसाल्टांचा जो अभ्यास मांडला, त्यापासून या भागातील खडकांचे वैविध्य ठळकपणे पुढे आले. मुंबईत उशीच्या आकाराचा, म्हणजे पाण्यात थिजलेला लाव्हा आढळतो, तर वरळीच्या लाव्हाथरांमधील गाळाच्या खडकात बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. त्या काळी येथे उथळ पाणी होते, हे यावरून उघड आहे. तेव्हा तप्त लाव्हा व पाणी यांची गाठ पडून झालेले स्फोट आणि त्यांचा जवळच साचलेला राडारोडा, हे दोन्ही मतांना सामावून घेणारे स्पष्टीकरण सर्वांत समाधानकारक वाटते.

साष्टीचे लाव्हाथर पश्चिमेकडे कललेले आहेत. खाडीपलीकडे दूरवर माथेरानचे थर जवळजवळ आडवे आहेत आणि कोकणपट्टीत येताच ते समुद्राकडे वाकतात. या वाकास भूवैज्ञानिक ‘पनवेल वाक’ म्हणतात आणि त्याचे सविस्तर वर्णन भूवैज्ञानिक ऑडेन यांनी १९४९ मध्ये केले. मामा-भांजे डोंगराच्या माथ्यावरून पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ सकाळी ठाण्याची खाडी, पारसिकची रांग व त्यामागे माथेरानचा सपाट माथा एका नजरेत येतो. या वाकाची कल्पना नकाशापेक्षा तेथे अधिक चांगली येते. वज्रेश्वरी व गणेशपुरीची उन्हाळी (गरम पाण्याचे झरे) ही येथील ज्वालामुखी अजून जागृत असल्याची खूण आहे, असा समज प्रचलित आहे. तो ग्राह्य नाही. भेगांतून खोलवर मुरलेले पाणी भूगर्भातील नेहमीच्या उष्णतेने तापून वर येते.

वन : येथील वन मुख्यत्वे दमट पानझडी प्रकारचे असून साग, ऐन, कळंब, हेद, खैर, मोह, पळस, काटेसावर व कांडोळ हे वृक्ष आढळतात. ओढ्यांच्या घळींत निमसदाहरित झाडोरा टिकून आहे. या वनाला सर्रास ‘पुरातन’ म्हटले जाते, परंतु ते विशेषण जपून वापरायला हवे. कान्हेरीस साधारणतः इसवी सनाच्या आरंभापासून दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत वस्ती होती. तेथील पाण्याच्या पोढी (खडकात कोरलेली टाकी) आणि दानलेख पाहता हे डोंगर निर्मनुष्य नव्हते, हे निश्चित. प्राकृत लेखांतील ‘कण्हसेल’, म्हणजे काळा डोंगर, या नावापासून कान्हेरी हे नाव आले. उद्यानाचे जुने कृष्णगिरी हे नावही त्याच अर्थाचे आहे. पुढे इमारती लाकूड व जळण यांसाठी तोड होत राहिली. विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे तलाव मुंबईच्या पाण्यासाठी बांधले गेल्यावर त्यांच्या पाणलोटाचे रक्षण करणे भाग पडले आणि आज दिसणाऱ्या दाट वनाचा बराचसा भाग या संरक्षणाखाली पुन्हा वाढलेला असावा. तेव्हा येथे पुरातन म्हणावे ते खडकाला. वनाचे मोल मात्र त्यामुळे उणावत नाही. इतक्या मोठ्या नगराच्या कुशीत तोडलेले जंगल पुन्हा उभे राहिले, ही गोष्ट अस्पर्श अरण्याइतकीच जपण्याजोगी आहे.

कारवी साधारणतः सात-आठ वर्षांनी एकदाच सामूहिकपणे फुलते. येऊर परिसरात २०१६ मध्ये असा जांभळा बहर आला होता. बी धरल्यावर झुडूप मरते आणि वाळलेली बोंडे तडतडत फुटून बी दूर फेकतात. तिच्या काठ्या कुडाच्या भिंतींसाठी वापरतात. वर शेणमातीचा लेप दिला की तीच वारली चित्रांची भिंत होते.

पाडे व वनभेट : वारली, कोकणा व महादेव कोळी कुटुंबे येऊरच्या पाड्यांत राहतात. बिबट्याचा वावर येथे नित्याचा आहे. २०१५ च्या कॅमेरा-सापळा गणनेत उद्यान व लगतच्या परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले. वारल्यांमध्ये वाघोबाची पूजा चालते आणि वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवतात. डोंगरावर जाण्यास ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात ओढ्यांना अचानक लोंढा येतो, म्हणून पात्रात उतरणे धोक्याचे असते. मळलेली वाट सोडून गाभ्याकडील पायवाटांनी जायचे तर वनविभागाची परवानगी घ्यावी लागते. सूर्यास्तापूर्वी खाली उतरावे, असे पाड्यांवरील लोक आवर्जून सांगतात, कारण त्यानंतर वाट बिबट्याची असते.