जुने डिझेल लोको : भाडेपट्टा आणि निवृत्ती (अमेरिकेतील प्रादेशिक मालवाहू रेल्वे)

मोठ्या रेल्वे कंपन्यांनी ताफ्यातून काढलेले डिझेल लोको (गाडी ओढणारी वाहने; पुढे ‘इंजिन’ म्हणजे त्यांतील डिझेल यंत्र) लहान मालवाहू रेल्वेंनी विकत किंवा भाड्याने घेणे, पुढे काही दशके चालवणे आणि दुरुस्ती परवडेनाशी झाली की मोडीत काढणे ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील प्रस्थापित पद्धत आहे. तेथील मालवाहू रेल्वे खासगी असून मिळकतीनुसार त्यांचे तीन वर्ग पाडतात. पहिल्या वर्गातील मोजक्या कंपन्या वगळता उरलेल्या सुमारे ६०० रेल्वे प्रादेशिक किंवा त्याहून लहान आहेत.

१९८० च्या स्टॅगर्स कायद्याने रेल्वेंवरील सरकारी बंधने सैल केली. तोट्यातील फाटे (शाखामार्ग) विकून टाकणे मोठ्या कंपन्यांना सोपे झाले आणि ते चालवण्यासाठी नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. नवे लोको घेण्याइतके भांडवल त्यांच्यापाशी नव्हते. १९८७ मध्ये सू लाइन या रेल्वे कंपनीने विकलेल्या मार्गांवर सुरू झालेल्या विस्कॉन्सिन सेंट्रलने एसडी४५ जातीचे जुने लोको मोठ्या संख्येने जमवले. २० सिलिंडर आणि ३,६०० अश्वशक्तीचे हे लोको डिझेल फार पीत. सुरुवातीच्या काळात त्यांचे क्रँकशाफ्ट (इंजिनातील मुख्य फिरता दांडा) तुटत असल्याने त्यांचे नावही खराब झाले होते, त्यामुळे मोठ्या कंपन्यांना ते नकोसे झाले होते. विस्कॉन्सिन सेंट्रलला मात्र ते इतके स्वस्त पडले की जास्तीचे डिझेल जाळूनही हिशेब जमत असे. २००१ मध्ये कॅनेडियन नॅशनल या मोठ्या रेल्वेने ही कंपनी घेतली, तोवर एसडी४५ तिची ओळख बनले होते.

आज लहान रेल्वेंवर जास्त दिसतात ते जनरल मोटर्सच्या ईएमडी विभागाचे एसडी४०-२ (३,००० अश्वशक्ती) आणि जीपी३८-२ (२,००० अश्वशक्ती). दोन्हींचे उत्पादन १९७२ मध्ये सुरू झाले आणि १९८० च्या दशकात थांबले. तरीही ते टिकून आहेत, याचे मोठे श्रेय त्यांच्या ६४५ मालिकेच्या इंजिनाच्या रचनेला द्यावे लागेल. यातील एकेका सिलिंडरचे हेड, लायनर, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड असा संच स्वतंत्रपणे काढून बदलता येतो. एक सिलिंडर गेला म्हणून संपूर्ण इंजिन उतरवावे लागत नाही, आणि हे काम क्रेन व चार माणसे असलेल्या छोट्या शेडमध्येही होते. म्हणूनच लोको किती वर्षांचा आहे यापेक्षा त्याची शेवटची मोठी दुरुस्ती कधी आणि कशी झाली, हे विचारणे महत्त्वाचे ठरते.

भाडेपट्ट्याचे मूळही दुरुस्तीच्या याच प्रश्नात आहे. हंगामी धान्यवाहतूक वाढली किंवा घरचा लोको दुरुस्तीला गेला, तर रेल्वे दिवसाच्या दराने लोको आणते. दीर्घ मुदतीच्या करारात देखभाल कोणाकडे, हा कळीचा मुद्दा असतो. काही करारांत ती मालकच करतो व भाडे जास्त घेतो; काहींत सगळा भार भाडेकरू रेल्वेवर पडतो. जीएटीएक्स आणि प्रोग्रेस रेल ही या क्षेत्रातील मोठी नावे. भाड्याचा लोको बहुधा त्यावरील मालकदर्शक अक्षरांच्या खुणेवरूनच कळतो, कारण रेल्वे नसलेल्या मालकाच्या खुणेचे शेवटचे अक्षर ‘एक्स’ असते. लोको कोणाचाही असो, चालू सेवेत त्याची रोजची तपासणी आणि ठरावीक मुदतीची सखोल तपासणी संघीय नियमांनुसार बंधनकारक आहे. जुन्या लोकोंसाठी ही मुदत ९२ दिवसांची आहे. भारतात राइट्स ही सरकारी कंपनी बंदरे, पोलाद कारखाने आणि वीज प्रकल्पांना अशा प्रकारे लोको भाड्याने देते.

दुरुस्ती टाळण्याची किंमत ६ जुलै २०१३ रोजी कॅनडातील लाक-मेगांटिक या गावाने मोजली. मॉन्ट्रियल, मेन अँड अटलांटिक या प्रादेशिक रेल्वेच्या पुढच्या लोकोचे, जनरल इलेक्ट्रिकच्या जुन्या सी३०-७ चे, इंजिन आधीच्या वर्षी बिघडले होते. रीतसर दुरुस्तीला लागणारा वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी ते इपॉक्सीसारख्या पदार्थाने सांधण्यात आले. हा सांधा टिकला नाही. टर्बोचार्जरमध्ये (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या भागात) तेल साचले आणि कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी नांत येथे उभी असताना लोकोला आग लागली. आग विझवताना इंजिन बंद करावे लागले, त्यामुळे ब्रेकची हवा हळूहळू उतरत गेली. हातब्रेक पुरेसे लावलेले नव्हते. गाडी उतारावरून गावात घुसली आणि ४७ माणसे मृत्युमुखी पडली. कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१४ च्या अहवालात ही कारणसाखळी मांडली. अशा लोकोला वेळेवर निवृत्त करणे हा सुरक्षेचाच भाग मानला पाहिजे.

प्रदूषणाच्या बाबतीत मात्र जुन्या लोकोंना बरीच मोकळीक आहे. १९७३ पूर्वीचे मूळ अवस्थेतील लोको आणि लहान रेल्वेंचा जुना ताफा संघीय मर्यादांतून बव्हंशी सुटतो; धूर सोसतात यार्डाशेजारचे रहिवासी. २३ वर्षांहून जुन्या इंजिनांवर २०३० पासून निर्बंध आणणारा नियम कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये केला, पण त्यासाठीचा संघीय परवानगीचा अर्ज जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला.

निवृत्त लोको सहसा एकदम भंगारात जात नाही. आधी ट्रॅक्शन मोटर (इंजिनापासून मिळणाऱ्या विजेवर चाके फिरवणाऱ्या मोटर), चाके, टर्बोचार्जर, चालू सिलिंडर-संच असे भाग भावंड लोकोंसाठी काढून घेतात. कधी इंजिन काढून त्याचा ‘स्लग’ करतात. स्लगला स्वतःचे इंजिन नसते. शेजारच्या लोकोची वीज घेऊन त्याच्या मोटर मंद गतीवर ओढ वाढवतात आणि शंटिंगला उपयोगी पडतात. उरलेला सांगाडा वजनावर विकला जातो. डिझेल प्रदूषण घटवण्याच्या संघीय अनुदानातून नवे इंजिन घेतले असेल, तर जुने इंजिन विकता येत नाही: ते पुन्हा कुठेही चालू नये म्हणून त्याच्या ब्लॉकला ३ इंचांचे भोक पाडावे लागते.