डीएनएचा धागा, कार्बनची नळी, धातूचे कण : पार्श्वभूमी

आमच्याकडे 'बदललेला डीएनए' म्हटलं की पऱ्हाटीच डोळ्यांपुढे येते. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हापासून यवतमाळ-वर्ध्याच्या वावरांत ही भाषा रुळली. कार्बन नॅनोट्यूबवर, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीवर, धातूचे कण बसवणारा डीएनए मात्र निराळा. त्यात परकं जनुक नाही, तो कुठल्या बियाण्यात जात नाही. प्रयोगशाळेत जुळवलेल्या धाग्यात रासायनिक फेरफार करतात आणि त्याच्याकडून फक्त धरून ठेवायचं काम घेतात. हा फरक आधी नीट समजावा, नाहीतर भलतीच भीती बसते.

सुमिओ इजिमा यांनी 1991 मध्ये जपानात कार्बनच्या या सूक्ष्म नळ्यांचं वर्णन केलं. 1993 मध्ये एकाच पापुद्र्याची नळी सापडली, व्यास साधारण 1 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पण या नळ्या एकमेकींना घट्ट चिकटतात, पाण्यात सुट्या होत नाहीत. तिथे काम बरीच वर्षं अडलं.

दरम्यान 1996 मध्ये अमेरिकेत मर्किन आणि लेट्सिंगर यांनी डीएनएच्या टोकाला गंधक जोडून तो सोन्याच्या कणांवर बसवला. गंधकाची सोन्या-चांदीशी जुनी सलगी. चांदीची जोडवी काळी पडतात तीही गंधकामुळेच. 1998 मध्ये इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेत डीएनएवर चांदी चढवून 12 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीची तार झाली.

2003 हे मला सगळ्यांत मोलाचं वर्ष वाटतं. ड्युपाँट या अमेरिकी रसायन कंपनीतल्या मिंग झेंग यांच्या गटाने दाखवलं, की एकपदरी डीएनए नळीभोवती गुंडाळला जातो. त्याचे बेस (डीएनएची 'अक्षरं') नळीला चिकटतात, धाग्याच्या कण्यातले ऋणभारित फॉस्फेट बाहेर राहतात, आणि नळ्या पाण्यात सुट्या होतात. म्हणजे नळीला पकडायची सोय झाली. धातूला पकडायची राहिली. ती फेरफारातून झाली. फॉस्फेटमधल्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवायची रीत फ्रिट्झ एकस्टाइन यांच्या कामामुळे 1960 च्या दशकापासून ठाऊक होती. गंधक असेल तिथे सोन्याचा कण अडकतो, आणि गंधक कुठे ठेवायचं हे धागा जुळवतानाच ठरवता येतं.

वणी-बल्लारपूरच्या कोळसा पट्ट्यातल्या घरांना धातू चढवलेल्या नळ्यांचं एक काम जवळचं वाटेल. 2004 मध्ये नासाच्या एम्स केंद्रात पॅलेडियम हा धातू चढवलेल्या नळ्यांनी खोलीच्या तापमानालाच मिथेन ओळखला. भूमिगत खाणीत स्फोट घडवतो तो हाच वायू.