प्रिन्स्टनचे धोरण-स्कूल: नावाचा वाद आणि त्याआधीचा पैशाचा

जून २०२० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने आपल्या सार्वजनिक आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार स्कूलवरून अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे नाव उतरवले आणि जगभर त्याची बातमी झाली. या स्कूलची घडण समजून घ्यायची तर मात्र नावाच्या पाटीपेक्षा १९६१ सालच्या एका दस्तातले एक वाक्य वाचावे लागते. त्या वाक्याच्या अर्थावरून सहा वर्षांहून अधिक काळ खटला चालला आणि वकिलांवर कोट्यवधी डॉलर खर्च झाले.

सुरुवातीचा काळ थोडक्यात आटोपतो. १९३० साली इतिहास, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र या विभागांच्या सहकार्यातून हे स्कूल उभे राहिले, तेही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी. एक चालू प्रश्न घ्यायचा, त्याचे भाग विद्यार्थ्यांनी वाटून घ्यायचे आणि शेवटी सर्वांनी मिळून शिफारशी मांडायच्या, ही पद्धत तेव्हापासूनची. पदव्युत्तर अभ्यासक्रम १९४८ मध्ये आला आणि विल्सन यांचे नावही त्याच वर्षी लागले. म्हणजे पहिली अठरा वर्षे हे स्कूल विल्सन यांच्या नावाशिवायच चालले. २०२० मध्ये मिळालेले नाव जवळपास जुनेच आहे, हे वादाच्या धामधुमीत फार थोड्यांनी सांगितले.

पदवीच्या नावाबद्दलही गोंधळ होतो. ‘एमपीए’ म्हटले की बहुतेकांना लोकप्रशासन आठवते. इथे त्याचा अर्थ सार्वजनिक व्यवहार असा आहे. हा फरक अभ्यासक्रमातही दिसतो. पालिका किंवा खाते कसे चालवावे यापेक्षा एखादे धोरण टिकेल की नाही, हे आकडेमोडीने तपासण्यावर जोर असतो. पहिल्या वर्षी संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, राजकारण आणि मानसशास्त्र यांचा पाया पक्का करून घेतात. दुसऱ्या वर्षी साधारण दहाजणांचा गट एखाद्या खऱ्या संस्थेसाठी अहवाल तयार करतो. शिवाय कामाचा अनुभव असलेल्यांसाठी एक वर्षाचा वेगळा अभ्यासक्रम आहे. एमपीएच्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क माफ असते आणि बहुतेकांना वर विद्यावेतनही मिळते. अमेरिकेत व्यावसायिक पदवीसाठी अशी सोय विरळाच. हा पैसा येतो कुठून, हे विचारले की गोष्ट १९६१ वर येऊन थांबते.

त्या वर्षी विद्यापीठाच्या १९२६ च्या तुकडीतला एक माजी विद्यार्थी आणि किराणा दुकानांच्या मोठ्या साखळीची वारसदार असलेली त्याची पत्नी, या रॉबर्टसन दांपत्याने ३.५ कोटी डॉलर किमतीचे शेअर दिले. आपले नाव गुप्त ठेवावे अशी त्यांची इच्छा होती आणि ती बराच काळ पाळली गेली. पैशामुळे स्कूलचे रूपच पालटले. नव्या इमारतीला जागा करून देण्यासाठी १९६३ मध्ये आधीची इमारत होती तशी उचलून सुमारे ३०० फूट सरकवली. नवी इमारत मिनोरू यामासाकी यांनी रचली आणि १९६६ च्या मे महिन्यात तिचे उद्घाटन खुद्द राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी केले. आज ती रॉबर्टसन हॉल म्हणून ओळखली जाते.

पैसे थेट विद्यापीठाच्या खात्यात गेले नाहीत. त्यासाठी वेगळी धर्मादाय संस्था स्थापन झाली. तिचे सात विश्वस्त होते, चार विद्यापीठाने नेमलेले आणि तीन रॉबर्टसन कुटुंबाने. पुढच्या भांडणाचे बी या ४ विरुद्ध ३ मध्येच होते. मतदानात कुटुंब कधीच जिंकू शकत नव्हते, त्यामुळे दस्तातल्या शब्दांवर बोट ठेवण्याखेरीज त्याच्या हातात काही नव्हते.

ते शब्द साधारण असे: सार्वजनिक सेवेला वाहून घेतलेल्या स्त्री-पुरुषांना सरकारी सेवेतील कारकिर्दीसाठी तयार करणारे पदव्युत्तर स्कूल चालवावे, आणि विशेष भर अमेरिकी केंद्र सरकारच्या आंतरराष्ट्रीय संबंध व व्यवहार पाहणाऱ्या क्षेत्रांवर असावा. नीट वाचले तर यात एकात एक अशी तीन वर्तुळे आहेत. सर्वांत मोठे सार्वजनिक सेवेचे, त्याच्या आत सरकारी सेवेचे आणि अगदी मध्ये केंद्र सरकारच्या परराष्ट्रविषयक कामाचे. विद्यापीठ बाहेरच्या वर्तुळातून वाचत होते, तर कुटुंब आतल्या. ‘विशेष भर’ म्हणजे किती? निम्म्याहून जास्त, की चार अभ्यासक्रमांपैकी एक? दस्तात आकडा नाही. मेख आहे ती इथेच.

बरे, आकडा असता तरी मोजायचे कसे, हा प्रश्न उरतोच. पदवीनंतरची पहिली नोकरी धरायची की दहा वर्षांनंतरची? परराष्ट्र सेवेची परीक्षा, मुलाखत आणि पार्श्वभूमीची चौकशी यांत सहज वर्ष-दीड वर्ष जाते. पहिल्या नोकरीवरून मोजले की हे सारे उमेदवार खासगी किंवा स्वयंसेवी क्षेत्रात गेलेले दिसतात. परदेशी विद्यार्थ्यांना अमेरिकी केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांसाठी अर्जच करता येत नाही. त्यांना भाजकात धरले की टक्केवारी घसरते, वगळले की वाढते. जागतिक बँक सरकारी की नाही? संरक्षण खात्याचे काम करणारी कंत्राटी कंपनी कुठे मोजायची? राज्य सरकार आणि शहर पालिका दुसऱ्या वर्तुळात बसतात, तिसऱ्यात नाहीत. एकाच तुकडीची यादी घेऊन दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे सिद्ध करता येत होते.

ठिणगी पडली ती निधीच्या गुंतवणुकीवरून. या निधीचे व्यवस्थापन आपल्या गुंतवणूक कंपनीकडे द्यावे असे विद्यापीठाने ठरवले. त्यामुळे वेगळेपण नावापुरते उरेल, अशी कुटुंबाला धास्ती वाटली. जुलै २००२ मध्ये दाव्याचे कागद दाखल झाले. त्यात खर्चाचा हिशेबही आला. स्कूलचे अनेक प्राध्यापक अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र विभागातही शिकवतात. त्यांच्या पगाराचा किती भाग या निधीवर टाकायचा? इमारतीचा मजला दोन विभाग वापरत असतील तर खर्च कसा वाटायचा? इतर विभागांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांवर झालेला काही खर्च निधीत परत भरावा लागला. विद्यापीठाच्या समर्थकांना ही किरकोळ चूक वाटते. पण एकाच उद्देशाला बांधलेल्या निधीतून पैसे उचलताना दर वर्षी लेखी वाटणी ठेवायची असते, आणि ती नसली की न्यायालयात प्रामाणिक खर्चही संशयास्पद दिसतो. इथे चूक विद्यापीठाची होती, असेच म्हणावे लागते.

दरम्यान, विद्यार्थ्यांना केंद्र सरकारच्या सेवेकडे वळवणारी खास योजना २००६ मध्ये सुरू झाली. पदव्युत्तर शिक्षणाच्या मध्येच दोन वर्षे सरकारी खात्यात काम, अशी तिची रचना होती. खटला ऐन भरात असतानाच ती आली, हा योगायोग म्हणायचा तर म्हणावा.

या काळात निधीची गंगाजळी एका टप्प्यावर ९० कोटी डॉलरच्या घरात गेली होती. डिसेंबर २००८ मध्ये, प्रत्यक्ष सुनावणी सुरू होण्याआधीच तडजोड झाली. कुटुंबाच्या वकिली खर्चापोटी ४ कोटी डॉलर आणि सरकारी सेवेसाठी काम करणाऱ्या नव्या संस्थेला हप्त्यांनी ५ कोटी. जुनी धर्मादाय संस्था विसर्जित झाली, उरलेला सगळा निधी विद्यापीठाच्या ताब्यात आला आणि तो याच स्कूलच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी राहिला. कुटुंबाच्या नव्या संस्थेने मग इतर विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या द्यायला सुरुवात केली, आणि अट घातली की पदवीनंतर केंद्र सरकारची नोकरी केलीच पाहिजे. १९६१ मध्ये सुटलेला धागा तिने असा बांधून घेतला. ‘विशेष भर’ म्हणजे किती, यावर निकाल मात्र कधीच लागला नाही.

यानंतर नावाचा वाद आला. नोव्हेंबर २०१५ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या एका गटाने विल्सन यांचे नाव काढावे म्हणून विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या कार्यालयात ठिय्या दिला. विल्सन यांच्या कारकिर्दीत, १९१३ पासून, टपाल आणि अर्थ खात्यांसारख्या ठिकाणी कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे बसवले जाऊ लागले, आणि सरकारी नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र मागण्याची पद्धतही त्याच काळात आली. केंद्र सरकारसाठी माणसे घडवणाऱ्या स्कूलला नाव मिळाले ते असे करणाऱ्याचे, ही विसंगती २०१५ च्या आधीही कागदोपत्री उपलब्ध होती. तरी एप्रिल २०१६ मध्ये विद्यापीठाच्या विश्वस्तांनी नाव कायम ठेवले आणि इतिहास अधिक मोकळेपणाने मांडण्याचे आश्वासन दिले. त्यातून स्कूलसमोरच्या चौकात विल्सन यांच्या दोन्ही बाजू दाखवणारी उंच काळी-पांढरी शिल्परचना २०१९ मध्ये उभी राहिली. पुढच्याच उन्हाळ्यात वर्णद्वेषाविरुद्ध देशभर निदर्शने पेटली आणि त्याच विश्वस्त मंडळाने उलट निर्णय दिला.

एक तपशील सहसा सुटतो. विद्यापीठातर्फे माजी विद्यार्थ्यांना दिला जाणारा एक पुरस्कार विल्सन यांच्याच नावाने राहिला. कारण तो एका देणगीतून आला आणि नाव न बदलण्याचे कायदेशीर बंधन त्या देणगीसोबत स्वीकारलेले होते. स्कूलच्या नावावर असे कुठलेही बंधन नव्हते, म्हणून ते एका मतदानात गेले.

२०२५ मध्ये ‘सरकारी सेवा’ या शब्दांना वेगळाच धक्का बसला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना केंद्र सरकारात आणणारी १९७७ पासूनची फेलोशिप फेब्रुवारीत आदेश काढून बंद झाली आणि परदेशी मदत देणारी अमेरिकी संस्थाही त्याच वर्षी मोडली. १९६१ च्या वाक्यातल्या सर्वांत आतल्या वर्तुळात जाण्याचे नेहमीचे दोन दरवाजे काही महिन्यांत लागले.