पाणाड्याच्या सळ्या का वळतात?

काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात बोअर मारायचा म्हटलं, की गाडीच्या आधी शेतात पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी शोधून देणारा माणूस येतो. कुणाच्या हातात झाडाची बेचकी असते, कुणाच्या तळहातावर आडवा नारळ, तर कुणाकडे काटकोनात वाकवलेल्या तांब्याच्या दोन सळ्या.

सळ्यांची रीत साधी आहे. आखूड बाजू मुठीत सैल धरायची, लांब बाजू समोर समांतर ठेवायची आणि सावकाश चालायचं. एखाद्या जागी दोन्ही सळ्या एकमेकींवर येतात, तिथे खाली पाणी आहे असं मानतात. जाड तार वाकवून घरी करून बघा. इमारतीच्या गच्चीवरसुद्धा त्या वळू शकतात.

सळी मुठीत मोकळी फिरते, त्यामुळे मनगट केसभर कललं तरी लांब टोक उताराकडे जातं. हा कल आपलेच स्नायू देतात, पण हालचाल इतकी बारीक असते की ती आपण केली हे आपल्यालाच जाणवत नाही. ‘इथे पाणी असावं’ असं मनात आलं, की हात त्या विचाराला साथ देतो. विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये याला ‘आयडिओमोटर’ क्रिया म्हटलं. म्हणून पाणाड्याला सरसकट लबाड ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. सळी जमिनीनेच ओढली, असं अनेकांना मनापासून वाटत असतं.

तरी कधी कधी पाणी लागतंच, ते कसं? नागपूरच्या पश्चिमेला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. त्यात पाण्याची एखादी बारीक ‘धार’ वाहत असते, हा समज चुकीचा. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, दगडाच्या भेगांत आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यांत. पावसाळ्यानंतर उथळ पाणी पुष्कळ जागी सापडतं. शिवाय मुरलेला पाणाड्या उंबर, नाल्याचं वळण, शेजारच्या विहिरी बघतच असतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात झाडं आणि वारुळं यांवरून पाण्याचा अंदाज मांडला होता. ती नजर मोलाची आहे, श्रेय मात्र सळीला जातं.

सळीची स्वतंत्र परीक्षा जर्मनीत कासेल इथे १९९० मध्ये झाली. जमिनीखाली ५० सेंटिमीटरवर पुरलेल्या नळातून पाणी वाहतंय की बंद आहे, एवढंच सांगायचं होतं. सुमारे ३० जण उतरले. त्यांची उत्तरं नाणं उडवून मिळावीत इतपतच बरोबर निघाली.

कोरडा बोअर शेतकऱ्याला कर्जात लोटतो, म्हणून जागा ठरवण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जाऊन यावं. विद्युत रोधकता सर्वेक्षणात जमिनीत खुंट्या ठोकून वीज सोडतात आणि ती किती सहज वाहते ते मोजतात. ओला, भेगाळ दगड वीज सहज जाऊ देतो, अखंड पाषाण अडवतो. अर्थात चिकणमातीही वीज सहज जाऊ देते, त्यामुळे नुसत्या आकड्यांवर भूवैज्ञानिक विसंबत नाही. तो आसपासच्या विहिरींची उन्हाळी पातळी आणि आधीच्या बोअरमध्ये किती फुटांवर कोणता दगड लागला, हेही विचारतो. ही माहिती गावातच मिळते, फक्त कुणीतरी ती लिहून ठेवलेली हवी.