शोधनिबंध सर्वांसाठी खुला करायचा आहे? पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

निबंध जर्नलमध्ये छापून येतो, पण वर्गणी न भरणाऱ्या वाचकाला सारांशापुढे काही दिसत नाही. यावर रीतसर उपाय म्हणजे निबंधाची स्वीकृत प्रत खुल्या ऑनलाइन संग्रहात जमा करणे. आपल्या विद्यापीठाचा संग्रह असेल तर आधी तिथे चौकशी करा. नसेल तर झेनोडो आहे. सर्न ही संशोधन संस्था तो २०१३ पासून चालवते. शुल्क नाही, विषयाचे बंधन नाही.

पात्रता. पदवी किंवा नोकरीची अट नाही, पीएचडीचे विद्यार्थीही अर्ज करू शकतात. मात्र ती प्रत खुली करण्याचा हक्क तुमच्याकडे हवा आणि सहलेखकांची संमती हवी. संमती ईमेलवर घ्या, तोंडी नको.

कोणती प्रत? सगळी गफलत इथे होते. निबंधाच्या तीन प्रती असतात: परीक्षणाआधीची, परीक्षकांच्या दुरुस्त्या करून स्वीकारली गेलेली, आणि जर्नलच्या मांडणीतली अंतिम पीडीएफ. बोधचिन्ह व पृष्ठक्रमांक असलेली ती अंतिम पीडीएफ चढवायला वर्गणीवरची जर्नल्स सहसा परवानगी देत नाहीत. स्वीकृत प्रत बहुधा चालते, पण अनेकदा १२ महिने थांबावे लागते, काही ठिकाणी २४. ती प्रत म्हणजे तुम्ही संपादकांना शेवटी पाठवलेली साधी वर्ड फाइल. नेमकी तीच लोक पुसून टाकतात! जर्नलचे धोरण ‘ओपन पॉलिसी फाइंडर’वर (पूर्वीचे शेर्पा रोमिओ) नावाने शोधता येते, तरी स्वतः सही केलेला कॉपीराइट करार वाचाच.

जवळ ठेवायचे: स्वीकृत प्रतीची पीडीएफ, स्वीकृतीची तारीख, छापील निबंधाचा डीओआय (ऑनलाइन निबंधाला मिळणारा कायमचा ओळखक्रमांक), दुसऱ्यांच्या आकृत्या वापरल्या असतील तर त्यांची परवानगी, आणि ऑर्किड आयडी. हा १६ अंकी क्रमांक मोफत मिळतो. नावात साम्य असलेल्या संशोधकांची सरमिसळ त्यामुळे टळते.

अर्ज. झेनोडोवर ऑर्किडनेच लॉगिन करा, फाइल चढवा (एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा आहे), शीर्षक आणि लेखकांची नावे भरा. छापील निबंधाचा डीओआय ‘संबंधित कृती’ म्हणून जोडा. थांबण्याची मुदत असेल तर ती तारीख नोंदवा, म्हणजे फाइल त्या दिवशी आपोआप खुली होते. परवाना, म्हणजे वाचकांनी प्रत कशी वापरावी याची अट, निवडताना प्रकाशकाचे म्हणणे पाहा. काही प्रकाशक व्यापारी वापर आणि फेरफार या दोन्हींना मनाई करणारा परवानाच मागतात.

‘वर्णन’ या रकान्यात बहुतेक जण निबंधाचा सारांश जसाच्या तसा चिकटवतात. माझ्या मते ही संधी वाया घालवणे आहे. विषयाबाहेरचा वाचक आधी तेवढेच वाचतो. प्रश्न काय होता, काय सापडले आणि काय अजून सिद्ध झालेले नाही, एवढे पाच-सहा सोप्या वाक्यांत आधी लिहा, मराठीतही लिहा. मूळ सारांश त्याखाली येऊ द्या.

‘प्रकाशित करा’ दाबण्याआधी फाइल एकदा उघडून पाहा. वर्णन नंतर दुरुस्त करता येते. फाइल बदलायची असेल तर नवी आवृत्ती काढावी लागते, तिला वेगळा डीओआय मिळतो आणि जुनी आवृत्तीही जागेवर राहते.