‘नासिक’ चूक नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर भाचीने ‘नाशिक’ऐवजी ‘नासिक’ लिहिलं आणि तिघांनी तिला झापलं: हे हिंदीवाल्यांचं, अशुद्ध! हा समज जुना आहे, पण खोटा आहे.

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत सातवाहन राजा कृष्णाच्या काळातला, दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. लेणं कोरवून घेणाऱ्या महामात्राला, म्हणजे बड्या अधिकाऱ्याला, त्यात ‘नासिकचा’ म्हटलंय. तिथल्या प्राकृतात ‘श’ नाहीच, असं कुणी म्हणेल. मान्य. पण पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथात, म्हणजे संस्कृतातही, ‘नासिक्य’ नगरच आहे.

आज प्रमाण मराठीत ‘नाशिक’ रूढ आहे, मीही तेच लिहितो. भाचीला तेवढंच सांगायचं होतं, तेही खाजगीत. चारचौघांत झापल्यावर पोर मराठीत लिहायचंच बंद करते, याचं मला फार वाईट वाटतं.